जुन्या गोव्यातले दोन दिवस, सासूबाईंसकट

देवगडच्या माणसाने समुद्र बघायला गोव्याला जावे, म्हणजे परसात विहीर असताना शेजारणीकडे पाणी मागायला जावे, तसे. पण मुलांना कोण सांगणार? आमच्याकडे आंब्याचा हंगाम मे अखेरीस आवरतो, शाळा जूनच्या मध्यावर उघडते. मधले आठ-दहा दिवस काय ते आमच्यासारख्यांना मोकळे. यंदा लेकीचा बारावीचा निकाल लागला होता आणि तिला आर्किटेक्चरला पुण्याला जायचे होते. म्हणजे आता पाचजणांनी मिळून कुठे जाणे अवघडच. ह्यांनी पेट्यांचे हिशेब मिटवले आणि आम्ही चार दिवसांसाठी गोवा गाठले.

पहिल्या दोन दिवसांबद्दल फारसे सांगत नाही. धाकट्याने हवा तेवढा समुद्र पाहिला. सासूबाईंच्या माहेरचे कुलदैवत कवळ्याची शांतादुर्गा, तिची ओटी भरून झाली. आमच्या लॉजमध्ये सकाळी साडेसातनंतर नळाला पाणी नसे, तेव्हा पाचजणांच्या आंघोळी कशा उरकल्या ते माझे मला माहीत. सांगण्यासारखे आहे ते शेवटच्या दोन दिवसांचे. ते आम्ही जुन्या गोव्यासाठी राखून ठेवले होते. युरोपातली शहरे बघायला जाणे आपल्या खिशाला झेपणारे नाही. पण पोर्तुगीजांनी मांडवीच्या काठी आपल्या लिस्बनच्या थाटाचे शहर उभे केले, ते देवगडहून एस.टी.ने एका दिवसात गाठता येते. ज्याने गोवा पाहिले त्याने लिस्बन पाहायची गरज नाही, असे त्या काळी म्हणत.

अडचण एकच होती. सासूबाई.

कवळ्याला देवळात कुणीतरी त्यांना पुन्हा एकदा सगळे सांगितले होते. शांतादुर्गा मुळात सासष्टीतल्या केळोशीची. मंगेश कुशस्थळीचा, म्हाळसा वेर्ण्याची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळे पाडायला सुरुवात केली तेव्हा लोकांनी रातोरात मूर्ती उचलून नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला आणल्या. तो मुलूख तेव्हा पोर्तुगीजांच्या हाती नव्हता. जी माणसे देवाबरोबर निघाली, त्यांतलीच काही पुढे आपल्या बाजूला, मालवण-देवगडपर्यंत आली. सासूबाईंच्या माहेरी ही हकिगत काल घडल्यासारखी सांगतात. रात्री लॉजवर मी दुसऱ्या दिवसाचा बेत काढला, तशा त्या म्हणाल्या, "आपल्या देवांका जेनी घरातसून भायर काढल्यानी, तेंचा घर बघूक मी येवचंय नाय. तुमी जावा."

लेक म्हणाली, "आजी, चारशे वर्षं झाली गं." आणि मग जे बोलू नये ते बोलली, "पुण्याला माझ्या खोलीत कोणत्याही जातीधर्माची मुलगी असेल. तिच्या डब्यातलं खायचं नाही, असंही तू सांगणार का मला?"

सासूबाई काही बोलल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून निजल्या. हे वर्तमानपत्रात डोके घालून बसले. अशा वेळी पुरुषांना वर्तमानपत्र फार उपयोगी पडते. मला मात्र बराच वेळ झोप आली नाही. दोघींचेही म्हणणे मला पटत होते, आणि ऑगस्टात लेक घर सोडणार होती.

सकाळी सासूबाई तयार होऊन बसलेल्या दिसल्या. "एकटी हय काय करू? भायर बसान," एवढेच म्हणाल्या.

पणजी ते जुने गोवे दहा किलोमीटरच्या आतबाहेर. कदंबाच्या बसने अर्धा तास लागतो. वाटेत रायबंदरपर्यंत जो लांबलचक बांध लागतो, तो १६३३-३४ सालचा आहे. त्याच्यावरून आजही वाहने जातात. दोन्ही बाजूंना खारफुटी, मिठागरे. धाकट्याने दहा वेळा विचारले, "आई, एवढा जुना पूल पडत कसा नाही?" ह्याचे उत्तर आपल्याकडच्या रस्ते बांधणाऱ्यांना विचारायला हवे.

बॉम जेझुच्या बॅसिलिकेसमोर उतरलो. मी कितीतरी फोटो पाहिले होते, पण प्रत्यक्ष पाहिल्यावर पहिली ओळख पटली ती दगडाची. हा तर आपला जांभा! आमच्या घराच्या भिंतींचे चिरे तेच. सगळ्या चर्चांना पांढरा गिलावा असतो, ह्या एका इमारतीचा गिलावा १९५०च्या दशकात काढून टाकला. त्यामुळे ती तांबडी, उघडीवाघडी, थेट कोकणातली दिसते. लेक भिंतीला हात लावून उभीच राहिली. बांधकाम १५९४ साली सुरू झाले, १६०५ मध्ये पुरे झाले. आत सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव चांदीच्या पेटीत उंचावर ठेवले आहे. झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला, नंतर त्याला इथे आणले. खालचा संगमरवरी चौथरा इटलीहून, तस्कनीच्या ड्यूकने पाठवलेला, तो १६९८ साली आला. पेटी मात्र गोव्याच्याच कारागिरांनी १६३७ च्या सुमारास घडवली. तुम्ही गेलात तर त्या पेटीचे नक्षीकाम नीट बघा. आपल्या देवघरातल्या प्रभावळी घडवणारे हात त्यात ओळखू येतात. दर दहा वर्षांनी शव दर्शनासाठी खाली उतरवतात. मागचे दर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये झाले. आम्ही गेलो तेव्हा पावसाची चिन्हे असल्याने गर्दी नव्हती, हे बरेच झाले.

बाहेर आले तर सासूबाई झाडाखाली एका मेणबत्त्या विकणाऱ्या बाईच्या शेजारी बसलेल्या. बाई साठीच्या पुढची, फुलाफुलांच्या झग्यातली. तिच्या फळीवर मेणबत्त्या आणि मेणाचे हात, पाय, डोळे, एक छोटे बाळसुद्धा. कुणाचा पाय दुखत असला की मेणाचा पाय वाहायचा, मूल हवे असेल तर बाळ. सासूबाई मला म्हणाल्या, "बघ गो. आपणय चांदीचे डोळे व्हायतवच ना देवीक." मग त्यांनी पिशवीतून आंब्याचे साठ काढून तिच्या हातावर ठेवले. तिने वास घेतला आणि म्हणाली, "आफोंस! खंयचो?" देवगडचा, म्हणून कळताच तिने गोव्याच्या मानकुरादची अशी बाजू घेतली की विचारू नका. सासूबाई आंब्यावरून हार जाणाऱ्या नव्हेत. दोघी जुंपल्या. एकीची मालवणी, एकीची कोंकणी, पण एका शब्दासाठीसुद्धा कुणाला अडावे लागले नाही.

मला गंमत वाटली ती अशी, की ज्या हापूसवरून भांडण चालले होते त्याचे नावच मुळी पोर्तुगीज. गोवा जिंकणारा अफोंसो द अल्बुकर्क, त्याच्या नावावरून अफोंसो, आफूस, हापूस. आंबा आपलाच, पण त्यावर युरोपातल्या पद्धतीची कलमे बांधायला गोव्यात पोर्तुगीज पाद्र्यांनी सुरुवात केली. आमच्या घरची चूल ज्या कलमांवर चालते, ती अशी ह्या शहरातून आली. देवगडात उभे राहून हे सांगायची सोय नाही, लोक पेटी परत करतील! पण स्वयंपाकघरात नुसती नजर फिरवा. बटाटा, काजू, अननस, पपई, पाव, कोबी हे शब्द पोर्तुगीजांनी आणले. परात आणि घमेलेही तिथलेच, चावी तिथली, कपड्याची इस्त्री, केसांची फीत. महिन्याचा पगारसुद्धा! मिरची तर त्यांच्या जहाजांतून अमेरिकेहून आली. मिरचीशिवाय मालवणी मसाला म्हणजे काय, ह्याचा विचार मला करवत नाही.

रस्ता ओलांडून से कॅथेड्रल. १५६२ मध्ये सुरू झालेले आणि पुरे व्हायला पन्नासाहून जास्त वर्षे लागलेले. दोन मनोरे होते, त्यांतला एक १७७६ मध्ये कोसळला. उरलेल्या मनोऱ्यात जी मोठी घंटा आहे तिला आवाजावरून 'सोन्याची घंटा' म्हणतात. आत गेल्यावर धाकटासुद्धा हळू बोलायला लागला, ह्यावरून काय ते समजा. मुख्य वेदीवर सेंट कॅथरिनची कथा सोनेरी चित्रफलकांत कोरली आहे. तिच्याच सणाच्या दिवशी, २५ नोव्हेंबर १५१० ला, अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतले.

शेजारच्या फ्रान्सिस्कन मठात पुरातत्त्व खात्याचे वस्तुसंग्रहालय आहे. तिथे पोर्तुगीज व्हाइसरॉयांची तैलचित्रे एका बाजूला आणि आपले वीरगळ, सतीशिळा दुसऱ्या बाजूला. सतीशिळेवरचा तो बांगड्या भरलेला, कोपरातून वळलेला हात मी मुलांना दाखवला. गोव्यात सती बंद केली ती अल्बुकर्कने. आणि ह्याच शहरात १५६० मध्ये इन्क्विझिशनची कचेरी बसली. बाटलेल्यांनी घरात तुळस लावली, जुन्या रीतीने सण केला, तरी चौकशी आणि शिक्षा. मधली थोडी वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत ते चालले. मी शाळेत इतिहासाचे तास घेते. पुस्तकात एका परिच्छेदात बसते ते सगळे. इथे मात्र एका कोनाड्यातून दुसऱ्यात जाताना आपण कुणाच्या बाजूने बघतो आहोत, ते सारखे बदलत होते.

एका गोष्टीचे मला फार कुतूहल होते. बी.ए.ला मराठी होते, तेव्हा फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' नुसते नावाने भेटले होते. हा माणूस मूळचा इंग्रज. १५७९ मध्ये गोव्यात आला आणि इथे मराठी शिकून त्याने दहा हजारांवर ओव्या रचल्या. त्या १६१६ मध्ये रोमन लिपीत छापून निघाल्या. बाटलेल्या लोकांना आपल्या पुराणांची सवय, म्हणून ख्रिस्ताचेही पुराण. छापखाना तर इथे १५५६ सालीच आला होता, भारतातला पहिला. लेकीला म्हटले, "तुझ्या पुस्तकांचा पहिला पत्ता हा." ती म्हणाली, "आई, आत्ता तास नको." खरे आहे. शिक्षकांबरोबर प्रवास करणे सोपे नसते.

दुपारी डबा खाल्ला. थालीपिठे आणि लसणीची चटणी सकाळी लॉजवर मिळालेल्या दह्याबरोबर चांगली लागली. (जुन्या गोव्यात खाण्याच्या टपऱ्या आहेत, पण वयस्कर माणसे बरोबर असतील तर डबा आणि पाण्याच्या दोन बाटल्या न्याच. छत्री तर हवीच. चर्चमध्ये जाताना मुलींचे खांदे-गुडघे झाकलेले असावेत, नाहीतर दारातून परत फिरवतात.)

मग टेकडीवर चढलो. सेंट ऑगस्टिनचा मनोरा उरला आहे, तोही अर्धाच. १६०२ मध्ये बांधलेला, दीडशे फूट उंच. १८३५ मध्ये मठ बंद झाला, सात वर्षांनी छप्पर खाली आले, १९३१ मध्ये मनोऱ्याची एक बाजू ढासळली. त्याची घंटा आता पणजीच्या त्या पांढऱ्या, जिन्याजिन्यांच्या चर्चवर आहे. ह्या पडझडीत उत्खनन करताना जॉर्जिया देशाच्या केतेवान राणीच्या अस्थी सापडल्या. इराणच्या शहाने धर्म बदलायला लावला, तिने ऐकले नाही, म्हणून १६२४ मध्ये तिला हालहाल करून मारले. साधूंनी तिच्या अस्थी इथवर आणून पुरल्या होत्या. २०२१ मध्ये त्यांतल्या काही भारत सरकारने समारंभाने जॉर्जियाला दिल्या. हे मी सासूबाईंना खाली येऊन सांगितले. त्या नुसत्या "बाई गे" म्हणाल्या. धर्म न सोडणारी बाई त्यांना लगेच आपली वाटली.

टेकडीवरच सांता मोनिकाचा मठ आहे. आशियातला हा पहिला मोठा जोगिणींचा मठ, १६०६ मध्ये बांधायला घेतलेला. आता तिथे ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. ह्या दगडी भिंतींपाशी मला आठवण झाली ती लिस्बनहून येणाऱ्या अनाथ मुलींची. ज्यांचे वडील राजाच्या नोकरीत मेले अशा मुलींना पोर्तुगालचा राजा जहाजात बसवून गोव्याला पाठवी, इथल्या पोर्तुगीज पुरुषांशी लग्न लावण्यासाठी. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून हे सुरू झाले. हुंडा काय, तर जो लग्न करील त्याला सरकारी हुद्दा! प्रवास सहा महिन्यांचा. वाटेत किती मरत, किती आजारी पडत. नवरा कोण, ते गाव कसले, काही माहीत नाही. परत जाणे तर नाहीच. आपण त्या व्हाइसरॉयांची चित्रे पाहतो, त्यांच्या सनावळ्या पाठ करतो. ह्या मुलींची नावे कुठल्या भिंतीवर आहेत? मी लेकीकडे पाहिले. ती जमिनीवर मांडी घालून कमानीचे चित्र काढत होती. पुणे रात्रीच्या गाडीने एका रात्रीचे, आणि फोन तर खिशात. तरीसुद्धा माझ्या पोटात कालवले, ते कालवलेच.

आता तुम्ही म्हणाल, एवढे मोठे शहर, मग माणसे गेली कुठे? बस थांब्यावर हेच धाकट्याने विचारले. उत्तर पाण्यात आहे. ह्या भागातला जांभा सच्छिद्र. शौचकूप आणि विहिरी जवळजवळ, एकाचे झिरपून दुसरीत. पटकी आणि हिवताप ह्यांनी शहर पोखरले. एकेकाळी लाखांनी मोजायची वस्ती ओसरत गेली. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीला राहायला गेला, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. इथली घरे पाडून दगड तिकडे नेले. चर्च तेवढी उरली. त्यांची नोंद १९८६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात केली. सोन्याच्या वेद्या बांधणाऱ्यांना विहीर कुठे खणावी हे कळले नाही! घरात एखादी बाई विचारायला होती की नाही, कोण जाणे.

संध्याकाळी पणजीच्या फोंतेन्यात, म्हणजे मळ्यात, चक्कर मारली. पिवळी, निळी, तांबडी घरे, काचेऐवजी शिंपले बसवलेल्या जुन्या खिडक्या, सायकलीचा भोंगा वाजवत जाणारा पदेर. पण फोटोवाल्यांनी त्या लोकांना नको जीव केला आहे. 'इथे माणसे राहतात, गलका करू नका' अशा अर्थाच्या पाट्या लावायची वेळ आली. दुसऱ्याच्या ओट्यावर बसून फोटो काढणे आपल्याला तरी खपेल का? आम्ही दोन गल्ल्या फिरलो आणि निघालो.

त्या रात्रीही आजी-नात एकमेकींशी बोलल्या नाहीत.

शेवटच्या दिवशी मात्र मी सासूबाईंच्या मनाचे करायचे ठरवले होते. त्यांच्या गुडघ्यांसाठी गाडी केली आणि पुन्हा जुने गोवे. नदीकडे उतरताना व्हाइसरॉयची कमान लागते. प्रत्येक नवा व्हाइसरॉय जहाजातून उतरून ह्या कमानीतून शहरात शिरे. वास्को द गामाच्या पणतवाने ती बांधवली, नदीच्या अंगाला वास्कोचा पुतळा. दुसऱ्या बाजूला एका युरोपी स्त्रीची मूर्ती आहे, हातात तलवार, आणि तिच्या पायाखाली इथला एक माणूस आडवा पडलेला. सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली. काचेतून वर बोट दाखवून नातीला म्हणाल्या, "ह्या बघ. ह्याचाय चित्र काढ."

लेक उतरली. पाऊस भुरभुरत होता, तरी तिने उभ्याने ते चित्र काढले. पायाखालचा माणूससुद्धा.

तिथून फेरीबोट दिवाड बेटाला जाते. पायी माणसाला तिकीट नाही, गाडीसुद्धा चढते. दिवाडवर पूर्वी कदंब राजांचे दैवत सप्तकोटेश्वर होते. ते देऊळ पोर्तुगीजांनी पाडले, कोटितीर्थाची जुनी तळी राहिली. बेट हिरवेगार, भाताच्या शेतांत चिखलणी चाललेली. दुसऱ्या टोकाला दुसरी फेरी आणि पलीकडे नार्वे. लपवून आणलेल्या सप्तकोटेश्वराला इथे जागा मिळाली, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देऊळ बांधायला घातले. दाराच्या वर शके १५९० चा लेख कोरलेला आहे. देऊळ लहानसे, उतरत्या कौलांचे, पुढे दीपमाळ. सासूबाईंनी तो लेख बोटाने दाखवत नातीकडून वाचून घेतला. लेक नंतर बराच वेळ वर बघत होती. मला म्हणाली, "आई, हा घुमट बघ. काल आपण जे बघितलं, त्याच्यासारखाच गोल आहे." सासूबाईंनी ऐकले. "गवंडी हयचेच असतले मा," म्हणाल्या. "तेंका काय, दोनय कामां करूची लागत."

परतीच्या फेरीत दोघी कठड्यापाशी बाकावर बसल्या. मी जरा मागे होते. इंजिनाचा आवाज मोठा, तरी सासूबाईंचा आवाज त्याहून मोठा. "पुण्याक कोणी जेवूक बोलयल्यानी तर जा हां. नाय म्हणा नको. पण काय काय केलल्यानी, ता माका फोनार सांग."

"सांगेन," लेक म्हणाली. "आणि ते नसेल आवडलं तर?"

"तरय सांग."

पणजीहून दुपारची कणकवलीची गाडी मिळाली. पत्रादेवीला, जिथे १५ ऑगस्ट १९५५ ला गोवा मुक्तीसाठी गेलेल्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, त्या स्मारकावरून गाडी पुढे गेली तेव्हा धाकटा झोपला होता. बांद्याच्या पुढे पावसाने चांगलाच जोर धरला. कणकवलीला देवगडची शेवटची गाडी पकडली. घरी पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. अंगणातले सरपण झाकायचे राहिले होते, ते सगळे भिजले. सासूबाई ओल्या पायांनीच आधी कलमांखाली गेल्या, वाऱ्याने किती फांद्या मोडल्या ते बघायला.